करदोड्याचं माप

लग्नकार्यात माझी पर्स उघडली आणि तिच्यातून शिंप्याची टेप बाहेर पडली की शेजारची बाई हमखास विचारते, "ब्लाउज शिवता का हो तुम्ही?" मी सांगते, "नाही, कुत्री मोजते." मग ती जरा सरकून बसते आणि मला जेवणाच्या पंगतीत ऐसपैस जागा मिळते.

नोकरी सगळी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेली. सुरुवात जतला झाली, शेवट कराडला. जतला मेंढरं आणि खिलारी बैल, कराडला म्हशी आणि जर्सी गाई. निवृत्त झाल्यावर कराडातच घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला, तेव्हा वाटलं होतं की म्हशीवाले मागोमाग येतील. आली ती कुत्री. माझ्या उमेदीच्या काळात कुत्र्याचा आणि डॉक्टरचा संबंध ते कुणाला तरी चावल्यावरच यायचा. आता कुत्रं जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून येतं आणि मालक मागं बसतो.

टेपची सवय मला बैलांनी लावली. जतच्या माळावर बैलाचं वजन करायला काटा आणायचा कुठून? मग छातीचा घेर घ्यायचा, अंगाची लांबी घ्यायची, हिशोब करायचा आणि वजनाचा अंदाज काढून औषध द्यायचं. बाजारात मी टेप काढली की भोवती घोळका जमायचा, कारण व्यापाऱ्यांना वाटायचं, बाई बैल खरेदीला आल्या.

कुत्र्याला काटा पुरतो असं सगळ्यांना वाटतं. पण एकाच वजनाची दोन कुत्री आणा. एक हाडापेरानं थोर असेल, दुसरं नुसतं तुपानं. काट्याला दोन्ही सारखीच. टेपला नाही. पुढच्या पायांमागं छातीचा घेर घ्यायचा, मागच्या पायांच्या पुढं कमरेचा. मग मागच्या पायाच्या नळीची लांबी. हाडाला चरबी चढत नाही, त्यामुळं पाय सांगतो की मूळ सांगाडा केवढा, आणि कंबर सांगते की त्यात भरलंय किती. टेप नसेल तर आपला हात आहेच. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर ते वाळलेलं. पंजा उघडून हाताच्याच मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. तशा लागल्या तर ठीक. आणि तळहातासारखं मऊ लागलं, हाडच सापडेना, तर मालकाला बाजूला घेऊन बोलायची वेळ आली. कारण पुढं सांधे जातात, दम लागतो, लघवीत साखर उतरते, आणि उन्हाळ्यात एखाद्या दुपारी कुत्रं धापा टाकत आडवं होतं ते उठत नाही.

टेप बाहेर काढली की कुत्रं शांत उभं राहतं आणि मालक पोट आत घेतो. कित्येकदा पाहिलंय मी हे.

सांगलीहून एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी आपली पॉमेरियन घेऊन यायचे. पिंकी तिचं नाव. बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "आमच्याबरोबर सगळे उपास करते हो ही. सोमवार, संकष्टी, एकादशी. तरी अंग म्हणून उतरत नाही."

"उपासाला खाते काय?"

"आम्ही खातो तेच."

म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू. एकादशी, दुप्पट खाशी, आणि या घरात खाणारी तोंडं तीन. मी बोलले तर बाईंनी फणकाऱ्यानं सांगितलं, की हा सगळा केसांचा फुगारा आहे. मी केस सारून टेप आत घातली आणि ती कुठं जाऊन टेकली ते त्यांना बोट लावून बघायला लावलं. मुख्याध्यापक तेवढ्यात हळूच शर्टाची बटणं सारखी करत होते. पिंकीचे उपास त्या दिवशी सुटले आणि वर्षाच्या आत ती जिना चढू लागली. आज हे सांगायला मजा वाटते, पण मला जे सांगायचंय ते या दोघांचं नाही. ते राणीचं आणि आक्कांचं.

कराडच्या पुढं नदीकाठी एक ऊसवाला बागायतदार आहे, त्याला सगळे तात्या म्हणतात. माणूस मोठ्या मनाचा आणि तेवढ्याच मोठ्या आवाजाचा. एका सकाळी जीपमधून त्यानं एक कुत्री दोन्ही हातांवर उचलून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ठेवताना त्यालाच दम लागला.

"बाई, हिला टॉनिक द्या. उठतच न्हाई बसल्या जाग्यावरनं."

मी विचारलं, "जात कुठली?"

"कारवानी."

मला वाटलं, थट्टा करतोय. कारवानी कुत्रं मी जतला मेंढरांमागं धावताना रोज बघितलेलं. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. टेबलावर जे होतं त्याचे पाय लांब होते एवढंच खरं. तात्यानं मग सगळं सांगितलं. जतकडचा माळाप्पा नावाचा धनगर दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतो आणि तात्याच्या रानात ती बसवतो. रानाला खत मिळतं, मेंढरांना चारा. अशाच एका वर्षी त्यानं हे पिल्लू तात्याला दिलं. देताना एवढंच म्हणाला होता, की हिच्या बरगड्या दिसल्या तर दिसू द्या, पोट तेवढं दिसू देऊ नका.

आता हे माळावर चालतं. ऊसवाल्याच्या दारात कसं चालायचं? सोप्यात चहाला बसलेला एक पाहुणा बोलून गेला, "तात्या, घरात एवढं हाय, आन कुत्रं उपाशी?" झालं. बागायतदाराच्या अब्रूचा प्रश्न आला. तात्यानं घरात फर्मान काढलं, की जो जेवेल त्यानं आधी राणीला घालायचं. एका वाड्यावर भावकीच्या चार चुली. शिवाय गुऱ्हाळ सुरू झालं की गूळ आणि काकवी. असली चूक दुष्ट माणसाच्या हातून होत नाही, ती करायला मनच मोठं लागतं, आणि म्हणून ती सुधारायलाही अवघड जाते.

मी टेप लावली. छाती आणि कंबर जवळजवळ सारखीच भरली. हे म्हशीला शोभेल, कारवानीला नाही. कमरेचं माप पुन्हा घ्यायला टेप जरा मागं सरकवली तर ती एका जागी अडली. चरबीच्या वळीत, मागच्या सडाजवळ, सुपारीएवढी कडक गाठ होती. तात्याला दाखवली. त्याचा मोठा आवाज एकदम खाली आला.

माझ्या हाताखाली शिकलेला एक डॉक्टर सांगलीत कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया करतो. तरुण आहे, हाताचा हलका आहे, तोंडाचा फटकळ आहे. त्यानं एक्स-रे काढून छाती बघितली, गाठ तिथवर पसरली नाही ना म्हणून. ती साफ होती. मग म्हणाला, "मॅडम, गाठ काढायलाच हवी. पण एवढ्या चरबीत भूल द्यायला मी धजत नाही, हिचा श्वास बसल्या बसल्या लागतोय. थोडी उतरवून आणा. आणि फार वेळ लावू नका, गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही."

म्हणजे शर्यत लागली. एकीकडं कंबर उतरायची आणि दुसरीकडं गाठ वाढायची, आणि दोन्हींवर माझी एकच टेप. मी तात्याला खाणं ठरवून दिलं. उपाशी मारायचं नाही, हळूहळू उतरवायचं, हेही बजावलं. तो दर आठवड्याला राणीला आणायचा, टेप लावायचा दिवस आला की देवाची शपथ घ्यायचा, आणि कंबर तसूभर हलायची नाही. गाठ मात्र लिंबाच्या वाटेला लागली होती. मी एक दिवस त्याच्यावर तोंड टाकलं आणि न सांगता त्याच्या घरी गेले.

सोप्यात तात्याची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, गाव तिला आक्का म्हणतं. पुढ्यात ताट, ताटात भाकरी आणि वाटीत साय. राणी त्यांच्या मांडीला टेकून बसलेली. एक घास आक्कांचा, एक राणीचा, असं निवांत चाललं होतं. मी रागावले. तिथंच उभ्यानं गाठीचं, भुलीचं सगळं सांगितलं. टेप काढून आकडा दाखवला.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "आवं बाई, मला त्या आकड्यातलं काय कळतंय? माज्या म्होरं मुकं जनावर टकामका बघत बसल्यावर मला घास उतरंल व्हय?"

मी पायरीवर बसले. तेवढ्यात सुनेनं नातवाचं तान्हं लेकरू आणून आक्कांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी सवयीनं त्याच्या कमरेच्या करदोड्याखाली बोट घालून बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "रुतायला लागलाय गं. बाळसं धरलंय त्यानं. गाठ सैल कराय पायजे. एक बोट जावं, तेवढंच. कमी बी न्हाई आन जास्त बी न्हाई."

मी सरळ उठले. "आक्का, तुमच्याकडं करदोड्याचा दोरा आहे का? जाड, मऊ?"

"हाय की. कुणाला पायजे?"

"राणीला."

घरातली पोरंसोरं हसली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी काळ्या सुताची लड आणली, टेपची जागा मी दाखवली आणि गाठ त्यांनी मारली, एक बोट जाईल एवढी. मी सांगितलं, की राणी उतरेल तसा हा ढिला पडेल. ढिला पडला की गाठ पुढं सरकवून बांधायची. उरलेला दोरा कापायचा नाही, त्याचं शेपूट राहू द्यायचं. मी टेपवर हिशोब केला आणि आक्कांना हात पसरायला सांगितला. मला हवं होतं तेवढं माप नेमकं त्यांच्या वितीत बसत होतं. म्हटलं, "शेपूट तुमच्या वितीएवढं झालं की ऑपरेशन."

आक्कांनी आपल्याच हाताकडं बघितलं. "मंग बाई, आता ही माजी."

असले उद्योग वाचकांनी आपल्या कुत्र्यावर करू नयेत. दोरा रुततो, अडकतो, फास बसतो. इथं तो चालला, कारण तो बघणारी बाई दिवसाकाठी दहादा त्याखाली बोट घालत होती आणि शेपूट गुंडाळून खोचून ठेवत होती.

त्या दिवसापासून वाड्यावरचं राज्य बदललं. आक्का सोप्यात काठी घेऊन बसल्या. चारही चुलींना ताकीद गेली. स्वतःच्या घासाचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते मला पुढं कळलं. ताटाशेजारी काकडीचे, गाजराचे नखाएवढे तुकडे ठेवायच्या. आपण एक घास खाल्ला की राणीला एक तुकडा. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "ती पोटाला येत न्हाई बाई. हाताला येती. हातात काय हाय, हे तिला नंतर कळतंय."

एवढ्या वर्षांत आहारावर मी जेवढं वाचलं आणि जेवढं बोलले, त्यात हे कुठं नव्हतं. आज प्रत्येक मालकाला मी हेच सांगते, फक्त ते माझं नाही हेही सांगते.

आणि पाहुणे? राणीच्या बरगड्या पुसट दिसू लागल्या तसं पुन्हा कुणीतरी सोप्यात बोललंच, की कुत्री खंगली वाटतं. आक्का म्हणाल्या, "खंगली न्हाई. तयारीला लागलीया. सांगलीला कुस्ती धरलीया तिची." आमच्या भागात पैलवानाच्या तयारीवर कुणी शंका घेत नाही. पाहुणा गप चहा प्याला. तात्याही सकाळी राणीला घेऊन नदीपर्यंत चालू लागला. पुढं त्याच्याही पट्ट्याला चांभारानं नवीन भोक पाडून दिलं, पण त्यावर मी काही बोलले नाही, माझा तो विषय नाही.

मी मोजत होते. एक आठवडा कंबर पुढं असायची, एक आठवडा गाठ. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा मला धीर निघेना. आक्कांना विचारलं, "किती झालं शेपूट?" त्यांनी ते उलगडून वितीवर धरलं. करंगळीच्या टोकाला पोचायला पेरभर कमी होतं.

"चालतंय का बाई एवढं?"

"चालवूया," मी म्हटलं.

सांगलीला आक्का स्वतः आल्या. जीपमध्ये ड्रायव्हरजवळ राणी पुढं, आक्का तिच्या शेजारी, तात्या आणि मी मागं. राणीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरनं पोटावरचे केस भादरायला मशीन घेतलं आणि दोरा बघून कात्री उचलली.

आक्का दारातूनच म्हणाल्या, "कापायचा न्हाई."

"आजी, टाके तिथंच येणार आहेत. दोऱ्यात जंतू असतात."

"आसूंद्यात. जित्या जिवाचा करदोडा कापत न्हाईत. कवा कापत्यात ते तुमाला ठावं न्हाई व्हय?"

त्याला ठाऊक नसेल कदाचित, पण मला होतं. आमच्याकडं लेकराचा करदोडा बदलायचा तर आधी नवा बांधतात, मग जुना काढतात. जित्या माणसाची कंबर क्षणभरही मोकळी ठेवत नाहीत. ती मोकळी होते ती तिरडीवर. डॉक्टर माझ्याकडं बघू लागला. राणीचे डोळे मिटत आले होते. जंतूंवर व्याख्यान द्यायला वेळ नव्हता, आणि ज्या बाईनं ही कुत्री इथवर आणली तिला या घडीला अशुभाची धास्ती देऊन बाहेर बसवायची माझी इच्छाही नव्हती.

"आक्का, नवा आणलाय?"

आक्कांनी कनवटीचा दोरा काढला. आणलेलाच होता.

"कमरेला नाही बांधता येणार. छातीवर, पुढच्या पायांमागं बांधला तर चालेल? टाके निघाले की खाली घ्या."

आक्कांनी विचार केला. "अंगावर हाय न्हवं? मंग झालं."

डॉक्टर पुटपुटत होता, पण त्यानं तो दोरा औषधात बुडवून दिला. आक्कांनी तो छातीवर बांधला, एक बोट घालून बघितलं, आणि मगच बाजूला झाल्या. जुना कापला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं. तो कापलेला दोरा शेपटासकट माझ्या हातात आला. टेपवर न ठेवताही मला त्याचं माप पाठ होतं, तरी ठेवून बघितला. एका निरक्षर बाईनं इतकी शुद्ध मापं घेतली होती असं मी म्हणणार नाही, कारण मापाचा अभिमान तिला नव्हताच. तिनं रोज न चुकता हात लावून बघितलं, मला आदर वाटतो तो त्याचा.

राणीनं भूल सोसली. गाठ तपासायला पाठवली होती, तिचा निकाल चांगला आला. दिवाळीनंतर माळाप्पा मेंढरं घेऊन उतरला. राणी बांधावरून सुटली ती मेंढरांच्या कडेनं वाऱ्यासारखी एक फेरी मारून आली. माळाप्पा तात्याला म्हणाला, "आता कुत्री दिसाय लागली गड्या." तात्यानं हे मला फोन करून दोनदा सांगितलं.

आक्कांना मी पुढं भेटले, पण त्यांचं हाताचं सूत्र मी किती घरांत पोचवलंय हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या साली त्या झोपेतच गेल्या. मी भेटून आले, तेव्हा राणी सोप्यात त्यांच्या जागेवर बसलेली होती, आणि पाहुण्यांच्या गर्दीत तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

काही दिवसांनी तात्याचा फोन आला. आवाज पहिल्यांदा गाठ दाखवली त्या दिवशीसारखा.

"बाई, राणीचा करदोडा घसराय लागलाय."

मी गेले. मेंढरं रानात बसलेली होती, माळाप्पा दारातच उभा होता. मला बघून म्हणाला, "बाई, मीच म्हनलो हुतो, बरगड्या दिसल्या तर दिसू द्या. पर ह्या बरगड्या तसल्या न्हाईत." हात फिरवला तर मुठीची पेरं लागली. मी रक्त तपासलं, पोट चाचपलं, जुन्या टाक्यांची जागा बघितली. आजार काहीच नव्हता. तात्यानं राणीपुढं थाळी मांडलेली होती, मटणाचे तुकडे, अंडं, सगळं होतं. तिनं हुंगूनही बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "तात्या, थाळी उचला. आक्कांच्या जागेवर बसा. भाकरी घ्या, आणि साय घ्या."

"आवं, साय? तुमीच म्हनायचा, साय म्हंजे इख हाय तिला."

"आज औषध आहे. एक घास तुम्ही खा, एक तिला द्या. हातानं."

एवढ्या वर्षांत कुठल्या कुत्र्याला साय घालायला मी सांगितलेली ही पहिलीच वेळ. तात्या आईच्या जागेवर मांडी घालून बसला. पहिला घास त्यानं तोंडात घातला. दुसरा घास हातावर घेऊन तो नुसता बसून राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला दुसरा हात होता पण त्यानं पुसलं नाही. राणी बराच वेळ त्या हाताकडं बघत होती. मग उठली, जवळ आली, आणि हातावरचा घास तिनं उचलला.

माळाप्पा मेंढरांकडं वळला.

निघताना तात्यानं करदोड्याला हात घातला. "गाठ म्होरं सरकवून घट्ट करू का? निसटंल."

ती गाठ आक्कांच्या हातची होती. टाके निघाल्यावर त्यांनी स्वतः खाली घेऊन बांधलेली, राणी चांगली होती त्या दिवसांतली. मी म्हटलं, "सोडू नका. दुसऱ्या दोऱ्यानं वर गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून ठेवा, पण ही गाठ आहे तशी राहू द्या. राणीच भरेल तिथपर्यंत."

उन्हाळा लागायच्या सुमारास तात्या तिला घेऊन आला. या खेपेला ती जीपमधून स्वतः उडी मारून उतरली. मी टेप शोधायला पर्समध्ये हात घातला, मग राहू दिली. करदोड्याखाली बोट घालून बघितलं. एकच गेलं.